नावाखालचं पाणी

आप्पासाहेबांच्या गोठ्यापुढं त्या दिवशी एवढी माणसं जमली होती, की त्यांच्या आजारी म्हशीपर्यंत पोचायला मला वाट मिळेना. प्रत्येकाच्या हातात पुडी. कुणाची वर्तमानपत्राच्या कागदाची, कुणाची पळसाच्या पानाची, तर कुणी धोतराच्या सोग्यातच गाठ मारून आणलेली. पुडीत काय, तर माती! आपापल्या शेतातली चिमूटभर माती घेऊन सगळं कवठाळी गाव अनवाणी उभं होतं, आणि समोर टेबलावर, भगव्या कापडावर, झेंडूचा हार घालून कॉम्प्युटर बसवला होता.

मी जनावरांचा डॉक्टर. गुरुलिंग माझं नाव, पण गावात मला कुणी त्या नावानं हाक मारत नाही, नुसतं 'डाक्टर' म्हणतात. माझे पेशंट बोलत नाहीत, पण त्यांना फसवणं फार अवघड असतं. कडू औषध गुळात घालून दिलं तरी बैल गूळ चाटतो आणि औषध थुंकून टाकतो. माणसाचं तसं नसतं. त्याला गूळ दाखवला की तो औषध, कागद आणि वर हातसुद्धा गिळतो, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

कॉम्प्युटर म्हणजे तरी काय होतं? टाईपरायटरसारखी बटणं असलेली एक काळी पाटी, तिला जोडलेला छोटा टीव्ही, एक टेपरेकॉर्डर आणि चिंचोळी चिठ्ठी बाहेर टाकणारं एक खोकं. बाजूला स्टीलचं ताट. ताटाला तांबडी तार, आणि ती तार भगव्या कापडाखाली गडप झालेली. मागं लग्नाच्या मांडवाचा जनरेटर धडधडत होता. यंत्र सुरू करताना सफारी घातलेला एक माणूस टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायचा आणि त्यातून कुईंऽ किर्रर्र असा आवाज सुटायचा. तेजोनिधी महाराज डोळे मिटून सांगायचे की हा पाताळाचा बीजमंत्र आहे, आणि लोक हात जोडायचे. बैलाचं खच्चीकरण करताना मी याहून सुरेल आवाज ऐकलेले आहेत.

महाराज गोरेगोमटे होते, दाढी राखलेली, मनगटावर रुद्राक्ष आणि रुद्राक्षाला खेटून जपानी घड्याळ. त्यांची जीभ तर काय सांगावी! "भक्तहो, माती म्हणजे धरणीमातेची नाडी. आपल्या ऋषींना ती हातानं कळायची. कलियुगात तेवढं तप कुणाकडं आहे? म्हणून भगवंतानं ऋषींना अमेरिकेत जन्म दिला आणि त्यांच्याकडून हे पाताळयंत्र करवून घेतलं." अमेरिकेत जन्मलेल्या ऋषींची कल्पना लोकांना इतकी पटली, की दोघातिघांनी तिथंच लोटांगण घातलं.

रीत अशी. माती ताटात टाकायची, नमस्कार करायचा, मालकाचं नाव सांगायचं. सफारीवाला ते नाव बटणांवर टाईप करायचा, टीव्हीवर इंग्रजी अक्षरं उमटायची, दिवे लुकलुकायचे, आणि चिठ्ठी बाहेर यायची. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं, तेव्हा वाचून दाखवणार पुन्हा सफारीवालाच: पाणी किती फुटांवर, कोणत्या दिशेला, गोड की मचूळ. मग दक्षिणा, आणि पुढचा.

ही गोष्ट लातूर जिल्हा नवानवा असतानाची आहे. जिल्हा झाला, कलेक्टर आला, कचेरीला रंग लागला, आणि त्याच्या मागोमाग पाऊस मात्र बेपत्ता झाला. लोकांना वाटून गेलं होतं की जिल्हा नवा आहे तर सगळंच नवं येणार. लातुरात म्हणे आता सगळा कारभार कॉम्प्युटरवर होणार, अशी आवई होती. ज्या गावानं टेलिफोन धड पाहिला नव्हता त्या गावाला कॉम्प्युटर म्हणजे देवाचा धाकटा भाऊच वाटायचा. नारळ तळहातावर उभा करून पाणी सांगणारे जुने पाणाडे तोवर फार बदनाम झाले होते. महाराजांनी नारळ फेकला आणि टीव्ही लावला, एवढाच काय तो फरक.

नुसती दक्षिणा जात असती तर मी म्हशीला सुई मारून घरी गेलो असतो. लोकांनी आपली अक्कल गहाण टाकायची ठरवलीच असेल तर डॉक्टरनं तरी किती सोडवून आणावी? पण त्या वर्षी सरकारकडून कवठाळीला एक बोर मंजूर झाला होता. एकच. त्यावर हापसा बसणार होता. भूजल खात्याचा एक साहेब येऊन, चार दिवस उन्हात हिंडून, ओढ्याच्या वळणावर दगड रोवून गेला होता. तो दगड बौद्धवस्तीला लागून होता, आणि त्या वस्तीला स्वतःचं असं पाणीच नव्हतं. तिथल्या बाया आप्पासाहेबांच्या मळ्यातल्या विहिरीवर जायच्या. पोहरा मात्र त्यांनी सोडायचा नाही. त्यांनी बांधावर घागरी मांडून बसायचं, आणि मळ्यातल्या कुणाला सवड झाली, मर्जी झाली, म्हणजे त्यानं वरून ओतायचं. देशाला स्वातंत्र्य मिळून किती वर्षं झाली होती, ते तुम्हीच मोजा.

अशात पाताळयंत्रानं सांगितलं, की दगडापाशी कोरडा खडक आहे आणि गावाचं खरं पाणी आप्पासाहेबांच्या मळ्यात, गोठ्याच्या मागं आहे. महाराज उतरले होते आप्पासाहेबांच्या घरी. जेवत होते आप्पासाहेबांच्या पंगतीला. तरी यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. आप्पासाहेब सरपंच होते. जागा बदलायची तर गावाचा ठराव पाहिजे, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रासमोरच सभा बोलावली. बोरची गाडी येऊन वेशीबाहेर उभी राहिली होती. तिच्यावरचे तमिळ कामगार भात शिजवत होते. त्यांना कुठंही भोक पाडायला सांगा, त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

तिथून मी चारा छावणीवर आलो. छावणीवर वस्तीतली चांगुणा कामाला होती. शेण काढायची, कडबा टाकायची, आणि दांडगा बैलसुद्धा तिच्या आवाजानं गप व्हायचा. आज तिच्याजवळ तिची मुलगी बसली होती. सिंधु मुंबईहून लातूरपर्यंत रेल्वेनं आणि तिथून एसटीनं आली होती, आणि आईनं दुपारपासून पाणी प्यायलं नाही म्हणून भांडत होती. चांगुणाचं म्हणणं, आता हापसा गेला तो गेला, रडून काय उपयोग. दगडापाशीची माती ती स्वतःच यंत्राकडं घेऊन गेली होती.

"पण माय, तू कशाला गेलीस तिथं?" सिंधुनं विचारलं.

"म्या म्हनलं, माणूस खोटं बोलतंय. मशीन कशाला बोलंल? त्याला काय जात हाय?"

सिंधु आईकडं वळून म्हणाली, "मशीनला न्हाई माय. मशीनमधी लिहिणाऱ्याला असती."

मग मी तिला विचारलं की तू मुंबईत नेमकं करतेस काय. गावात कुणी म्हणायचं ती कॉम्प्युटर चालवते, कुणी म्हणायचं ती कॉम्प्युटर बनवते. ती म्हणाली, मी यातलं काहीच करत नाही. तिची कंपनी गिरण्यांच्या पगाराचे प्रोग्राम लिहायची, म्हणजे यंत्रानं काय करायचं याच्या सूचना. त्या लिहिणारे दुसरे. त्यांनी लिहिलेलं गिऱ्हाईकाकडं जाण्याआधी खोटं पाडून बघायचं, हे हिचं काम. कामगाराचं वय तीनशे टाकायचं, हजेरी शून्याच्या खाली टाकायची, नावाच्या जागी आकडे टाकायचे, आणि बघायचं की यंत्र ओरडतंय की मुकाट्यानं पगार काढून देतंय.

"म्हणजे तुला खोड्या काढायचा पगार मिळतो," मी म्हणालो.

"हाव डॉक्टरकाका. आमच्यात एकच नियम. एका टायमाला एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, अन् उत्तर हललं का बघायचं."

हे मला लगेच उमगलं. जनावराला विषबाधा झाली की मी तेच करतो. पेंड बंद, बाकी चालू. मग पेंड चालू, कडबा बंद. कशानं पोट फुगतं ते असंच कळतं. मला तेवढं कळत होतं आणि तरी त्या दिवशी गोठ्यात मला ते सुचलं नव्हतं, याचा राग आला.

नेमका तेव्हाच व्यंकटी आला. त्याचे दोन बैल छावणीत होते. तो हैराण झाला होता. त्यानं पहिल्या दिवशी यंत्राला माती दाखवली तेव्हा पाणी नव्वद फुटांवर, पूर्वेला निघालं. खात्री करून घ्यावी म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातली माती देऊन बायकोला पाठवलं, तर दीडशे फूट आणि पश्चिमेला! महाराजांना विचारलं, तर म्हणाले, तू संशय घेतलास, म्हणून पाणी चालू लागलं. व्यंकटीनं मान्यही केलं होतं. आता पाण्याची समजूत कशी काढावी, कोणता उपास धरावा, हे विचारायला तो माझ्याकडं आला होता. जनावरांच्या डॉक्टरकडं!

सिंधुनं त्याला एकच सवाल केला. बायकोनं नाव काय सांगितलं?

आता त्याची बायको सुमनबाई कुठली नवऱ्याचं नाव घ्यायला बसलीय? उखाण्याशिवाय तिनं ते उभ्या जन्मात घेतलं नसेल. सफारीवाल्यानं नाव विचारल्यावर तिनं पदर तोंडाला लावला आणि मागं उभ्या असलेल्या रेशन दुकानदाराला खूण केली. दुकानदारानं त्याला ठाऊक असलेलं, कार्डावरचं नाव सांगून टाकलं: व्यंकट. घरी, शिवारात, देवळात तो व्यंकटी. सरकारदरबारी तेवढा व्यंकट.

सिंधु उठून उभीच राहिली. "माती तीच. ताट तेच. मशीन तीच. नावातली एक वेलांटी गळाली, अन् पाणी पूर्वेचं पश्चिमेला गेलं. काका, ती मशीन माती बघतच न्हाई. नाव बघती."

व्यंकटीला हे पटायला वेळ लागला. त्याचं म्हणणं, मग ताट कशाला ठेवलंय? मी म्हणालो, बाबा रे, तुला फसवायला. संध्याकाळी सिंधु पदर डोक्यावरून घेऊन गोठ्यातल्या गर्दीत नुसती उभी राहून आली. टीव्ही लोकांना दिपवायला लोकांकडंच तोंड करून ठेवला होता, आणि डाक्टर म्हशीत गुंतलेला, गावात दुसरं इंग्रजी वाचणारं कोण आहे, या भरवशावर महाराज निर्धास्त होते. तिनं येऊन आणखी एक गोष्ट सांगितली. आप्पासाहेब आणि त्यांच्या भावकीतल्या दोघांची नावं टाईप केल्यावर सफारीवाला शेवटी एक टिंब देतो. बाकी कुणाच्या नावापुढं टिंब नसतं. आणि टिंबवाल्यांना सगळ्यांना गोड पाणी.

सकाळी सभा भरली. आप्पासाहेब खुर्चीवर, महाराज व्याघ्रचर्मावर. ते व्याघ्रचर्म म्हणजे ठिपक्यांची चादर होती, हे मी जनावरांचा डॉक्टर म्हणून शपथेवर सांगतो. वस्तीतल्या बाया कडेला बसल्या होत्या. ठरावाला हात वर करायची वेळ आली तेव्हा मी उठलो आणि म्हणालो, हात वर करण्याआधी दोनचार पुड्या पुन्हा बघू द्या, लोकांची खात्री होईल. महाराज खूश झाले. गिऱ्हाईक कुणाला नको असतं?

पहिली पुडी व्यंकटीची. तो नाव सांगायच्या आत सिंधु सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "नव्वद फूट, पूर्वेला." सफारीवाल्यानं चिठ्ठी वाचली. नव्वद फूट, पूर्वेला. दुसरी पुडीही व्यंकटीचीच, नाव तेच. सिंधुनं आधीच सांगितलं, पुन्हा तेच येईल. आलं. तिसऱ्या वेळी मी व्यंकटीला शिकवून ठेवल्याप्रमाणं त्यानं नाव सांगितलं 'व्यंकट'. सिंधु म्हणाली, दीडशे, पश्चिम. चिठ्ठीनं मुकाट्यानं दीडशे आणि पश्चिम सांगितलं.

मला वाटलं, आता लोकांच्या डोक्यात उजेड पडेल. पडला तो असा, की मागं कुणीतरी कुजबुजलं, "चांगुणाच्या पोरीलाबी दिसायलंय की! तिच्याबी अंगात येतंय वाटतं." मी कपाळावर हात मारून घेतला.

मग मी पुड्यांची भानगड फोडली. पहिल्या पुडीत मोरचूद होतं, जे मी जनावरांच्या खुरांना लावतो. दुसरीत चुलीतली राख होती. तिसरीतही तीच राख, बदललं होतं ते फक्त नाव. ताटात निळं पडलं की करडं, हे कुणी बघितलंच नव्हतं, सगळ्यांचे डोळे टीव्हीवर. मोरचुदाखाली आणि राखेखाली नव्वद फुटांवर पाणी, तेही एकाच दिशेला! हे ऐकून माणसाची वाचा बसायला हवी. पण महाराज मुरलेले. ते मंद हसले आणि म्हणाले, यंत्रानं कपट ओळखलं. कपटाला कपटाचं उत्तर दिलं. आणि काय सांगू, पाचपन्नास डोकी होऽ होऽ म्हणून हलली. माझ्या छावणीतल्या हाल्याला, म्हणजे रेड्यालासुद्धा, एकदा चटका बसलेल्या भांड्याजवळ जायचं नाही हे कळतं.

माझा तोल सुटत होता, पण सिंधुनं मला हातानं खाली बसवलं. तिचा आवाज जराही चढला नाही.

"ठीक हाय महाराज. कपट नको. दगडापाशीची माती माझ्या मायनं आणली म्हणून तुम्ही काय म्हनलात? हाताचा दोष लागला, यंत्र रुसलं. म्हनलात का न्हाई?"

महाराजांनी मान डोलावली. हे त्यांनी भरल्या गर्दीत म्हटलं होतं, आणि चांगुणा खाली मान घालून घरी गेली होती.

"मग ती माती आप्पासाहेबांनी आणावी. त्यांच्या हाताला तर दोष न्हाई? त्यांच्याच हातानं, त्यांच्याच नावानं."

इथं मी तेल ओतलं. म्हणालो, आप्पासाहेब, तुमच्या हातून एकदा कोरडा खडक निघाला की विषयच संपला. कलेक्टरकडं तक्रार न्यायलाही कुणाला तोंड राहणार नाही. आप्पासाहेबांना हे फार आवडलं. ते उठले, ओढ्याच्या वळणावर गेले, मागं सगळी सभा. दगडाच्या बुडातली माती त्यांनी स्वतः रुमालात घेतली. परत येऊन पाय धुतले, माती ताटात टाकली, नमस्कार केला आणि भारदस्त आवाजात आपलं नाव सांगितलं.

सफारीवाल्याच्या बोटांना सवय लागलेली. त्यानं आप्पासाहेब असं टाईप केलं आणि शेवटी टिंब दिलं. महाराज खाकरले, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, पण तोवर चिठ्ठी बाहेर आली होती. तो वाचायला लागला, "पाणी..." आणि थांबला. घसा साफ करायला लागला. सिंधुनं चिठ्ठी त्याच्या हातातून काढून घेतली आणि मोठ्यानं वाचली: अखंड धार, सत्तर फूट, गोड पाणी.

व्यंकटीच आधी बोलला, "म्हंजे मशीन म्हणायलंय, दगडापाशीच पाणी हाय."

"आप्पासाहेब," सिंधु म्हणाली, "मशीन खरी असंल तर पाणी दगडापाशी हाय. मशीन खोटी असंल तर भूजलवाल्या सायबाचं ऐकावं लागंल, अन् त्यानंबी दगड तिथंच रोवलाय. आता तुम्हीच सांगा, मशीन खरी का खोटी?"

आप्पासाहेबांनी महाराजांकडं बघितलं. महाराजांनी यंत्राकडं बघितलं. शेवटी महाराज म्हणाले, यंत्र तापलं आहे, आज उत्तर खरं नाही. सिंधु म्हणाली, मग थंड करू, आणि तिनं भगवं कापड उचललं.

ताटापासून निघालेली तांबडी तार टेबलावरून खाली गेली होती, आणि टेबलाच्या पायाला गाठ मारून बांधली होती. बस्स. ती यंत्राला कुठंही लागलेली नव्हती. एवढे दिवस गावानं आपल्या जमिनी टेबलाच्या पायाला दाखवल्या होत्या.

मग सिंधुनं सफारीवाल्याला बाजूला बसवून आतला प्रोग्राम टीव्हीवर काढला आणि लोकांना नीट समजावलं. प्रत्येक अक्षराला आत एक आकडा ठरवून दिलाय. नावातल्या अक्षरांची बेरीज झाली की त्यावरून फूट आणि दिशा निघते. टिंब दिलं की बेरीज गुंडाळून ठेवायची आणि गोड पाणी सांगायचं. कुईंऽ किर्रर्र हा बीजमंत्र नसून कॅसेटवरून प्रोग्राम यंत्रात उतरतानाचा आवाज आहे. लोकांना अजून पटेना, तेव्हा मी आप्पासाहेबांच्या आजारी म्हशीचं नाव, चंद्री, टाकायला सांगितलं. यंत्रानं चंद्रीच्या खाली एकशे दहा फुटांवर मचूळ पाणी काढलं. पहिल्यांदा वस्तीतल्या बाया हसल्या. मग सुमनबाई हसली, आणि मग सगळा गोठाच फुटला. सफारीवाला हात जोडून म्हणाला की तो पगारी माणूस आहे, प्रोग्राम महाराजांनी शहरातल्या कुणाकडून तरी लिहून घेतला, टिंब कुणाला द्यायचं ते रोज सकाळी महाराज सांगतात.

आप्पासाहेबांना हे ठाऊक होतं का, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी विचारलंच नसणार. आपल्याला हवं ते उत्तर मिळाल्यावर कोण विचारत बसतो? महाराज शौचाला म्हणून उठले आणि जीपमध्ये बसून गेले. व्याघ्रचर्म मागं राहिलं, ते मी चंद्रीच्या पाठीवर घातलं.

त्याच दुपारी बोरची गाडी दगडापाशी लागली. सत्तर फूट झाले, पाणी नाही. भूजलवाल्या साहेबानं सांगितलेली खोली झाली, तरी नुसता पांढरा धुरळा. आप्पासाहेब लांब पिंपळाखाली उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान मला तिथूनही दिसत होतं. चांगुणा रिकामी घागर मांडीवर घेऊन बसली होती. मी सिंधुला हळूच म्हणालो, पाणी नाही लागलं तर हे सगळे उद्या महाराजांची जीप शोधायला जातील. ती म्हणाली, लागलं न्हाई तरी तार टेबलालाच बांधलेली होती, काका. आईची घागर मात्र तिलाही दिसत होती.

ऊन उतरता उतरता धुरळ्याचा रंग बदलला, चिखल उडाला, आणि मग गढूळ पाणी आभाळाकडं उसळलं. मी एवढा कोडगा माणूस, पण माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुरळ्यावर ढकललं.

हापसा बसला त्या दिवशी माझा खरा संताप झाला. गावातल्या बाया हळद-कुंकू आणि नारळ घेऊन आल्या होत्या. हापशाला म्हणाल तर नाही, सिंधुच्या पायाला लावायला! पाठोपाठ आणखी चारपाच जणी, आणि त्यांच्या हातात मातीच्या पुड्या. तुला दिसतंय बाई, आमचंबी बघ. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण सिंधुनं पाय मागं घेतले आणि पुढं आलेल्या सुमनबाईचा हात धरला.

"वैनी, मला काहीच दिसत न्हाई. मी फकस्त तपासते."

"मग आम्ही इश्वास ठेवावा कुणावर?" सुमनबाईनं अगदी मनापासून विचारलं.

"कुणावरबी फुकट ठेवू नका. माझ्यावरबी न्हाई. त्या भूजलवाल्या सायबाचाबी अंदाज चुकला, पाणी लई खाली लागलं. पण त्यानं खोली आधीच सांगितली होती, म्हणून चुकला ते तुम्हाला कळलं. ज्याची चूक तुम्हाला कधीच धरता येत न्हाई, त्याच्यापासून दूर राहा."

याच्यापुढं मला बोलायला फारसं उरलेलं नाही, पण माझा स्वभाव गप्प बसायचा नाही. यंत्र बदलेल. नारळ गेला, टीव्ही आला, उद्या आणखी काही येईल, त्याचे दिवे याहून झगझगीत असतील आणि ते चालवणारा याहून गोड बोलेल. तुम्ही हात जोडायच्या आधी एकच करा. त्याला एकच गोष्ट बदलून पुन्हा विचारा. तो रागावला, किंवा तुमच्याच हाताला दोष लावायला लागला, तर पायांत चपला घाला आणि घरी जा. एवढं करायला शिक्षण लागत नाही, इंग्रजी लागत नाही. लाज सोडून विचारायचं धाडस तेवढं लागतं.

बाया पुड्या घेऊन घुटमळत होत्या. चांगुणानं त्यांच्याकडं बघितलं नाही. तिनं घागर हापशाखाली ठेवली, दांडा दोन्ही हातांनी धरला, आणि पहिल्यांदाच कुणाची वाट न बघता स्वतःचं पाणी स्वतः भरलं.